अर्ध्या मैदानाची राणी

आमच्या हॅल्व्हर गावात ट्विला ऑस्ट्रेमचं नाव आजही निघतं ते तिच्या पॉइंटांवरून. कॅफेत सकाळी कॉफी पीत बसलेले म्हातारे एकमेकांना सांगतात, अमक्या गावाविरुद्ध तिने पन्नास केले, तमक्याविरुद्ध साठ. दरवर्षी आकडा थोडा फुगतो. मी ऐकून घेते. खरं म्हणजे मला राग येतो, पण कॅफे माझाच आहे, आणि गिऱ्हाइकाशी भांडून कॉफी खपत नाही.

मी मर्ना बेरेन्स. ट्विला आणि मी शाळेत चार वर्षं एकाच टीममध्ये बास्केटबॉल खेळलो आणि सामना चालू असताना एकदाही एकमेकींच्या शेजारी उभ्या राहिलो नाही. तो खेळ आता बंद झाला, म्हणून सांगावं लागतं. तेव्हा आयोवातल्या शाळांमध्ये मुलींची टीम सहा जणींची असायची. तीन फॉरवर्ड मैदानाच्या एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. बास्केट करायची ती फॉरवर्डनी, अडवायचं ते गार्डनी. चेंडू दोनदा आपटायची परवानगी. तिसऱ्यांदा आपटला की गेला दुसऱ्यांकडे. मुलींना फार पळवलं तर त्यांच्या पोटाला बरं नाही, असं कुणा शहाण्या पुरुषाने फार पूर्वी ठरवलं होतं म्हणे. त्याच मुली सकाळी गवताचे भारे गाडीवर फेकून मग शाळेत यायच्या.

ट्विला फॉरवर्ड होती, मी गार्ड. म्हणजे समोरच्यांच्या धिप्पाड पोरींची कोपरं मी बरगड्यांत खायची, त्यांच्या हातून चेंडू काढायचा, रेषेपर्यंत आणायचा आणि पलीकडे फेकायचा. पुढचं काम राणीचं. ती चेंडू घ्यायची, बास्केटकडे पाठ करून एक क्षण थांबायची, आणि उजव्या खांद्यावरून असा काही अलगद सोडायची की जाळी हलल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. मग अख्खं गाव उठून उभं राहायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी हॅल्व्हरमध्ये लुटारू आले असते तरी त्यांना अडवायला माणूस सापडला नसता, सगळे शाळेच्या जिममध्ये असायचे. पेपरात ट्विलाचा फोटो यायचा. गार्डचा फोटो कधी आला असेल तर तो फोटोवाल्याच्या चुकीने.

सगळ्यात मोठा आवाज असायचा तिच्या बापाचा. अर्लो ऑस्ट्रेम धान्याच्या कोठारावर काट्यापाशी बसायचा, मक्याने भरलेल्या गाड्या तोलायचा, आणि येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला आधी ट्विलाचे पॉइंट सांगून मग मक्याचं वजन सांगायचा. माणूस भला. एकुलत्या एका मुलीवर जीव. चर्चमध्ये तो ओठ न हलवता गायचा, पण जिममध्ये त्याच्या ओरडण्याने आमच्या कानांत दडे बसायचे. त्याची एक सवय सगळ्या गावाला लागली होती. आम्ही गार्ड चेंडू घेऊन मधल्या रेषेकडे आलो की तो ओरडायचा, "रेषा!" आणि सगळं गाव त्याच्यामागे, "रेषा!" पाय पुढे पडून चेंडू फुकट जाऊ नये म्हणून. त्या आवाजाने आमचे पाय आपोआप थांबायचे. इतकं अंगवळणी पडलं होतं की मी एकदा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यापाशीही थबकले होते.

शाळा संपली तेव्हा ट्विलाला सीडर बेंड कॉलेजने शिष्यवृत्ती देऊन बोलावलं. शिकवणं, राहणं, जेवणखाण, सगळं कॉलेजचं. तिने फक्त खेळायचं. ट्विलाला शाळेत जीवशास्त्र शिकवायचं होतं, आणि अर्लोच्या काट्यावरच्या पगारात कॉलेज बसत नव्हतं, त्यामुळे हे म्हणजे दुधात साखर पडली. मला कुणी बोलावलं नाही. गार्डला कोण बोलावतंय? मी वडिलांच्या डुकरांच्या गोठ्यात राहिले. मला वाईट वाटलं का? वाटलं. अजूनही वाटतं.

एक गोष्ट मात्र गावात कुणाच्या डोक्यात आली नाही. कॉलेजात खेळ पाच जणींचा होता. अख्खं मैदान, रेषा नुसती नावाला, आणि प्रत्येकीने बास्केटही करायची आणि अडवायचंही.

घरच्या, म्हणजे कॉलेजच्याच मैदानावरच्या, पहिल्या सामन्याला गावाने शाळेची पिवळी बस काढली. मुलींच्या आयांनी हॅमचे सँडविच बांधून घेतले, दोन तास बर्फातून हेलकावे खात आम्ही पोचलो आणि एका बाजूची अख्खी बाकं अडवून बसलो. कोच गॉडर्टबाईंनी ट्विलाला आत पाठवलं तेव्हा आम्ही छप्पर उडवायचं तेवढं बाकी ठेवलं. थोड्याच वेळात समोरच्या मुलीच्या हातून चेंडू सुटला आणि नेमका ट्विलाच्या पायाशी आला. तिच्यापुढे मैदान मोकळं होतं. एक माणूस आडवं नव्हतं. तिने चेंडू उचलला, आपटला, पुन्हा आपटला आणि थांबली.

कोच ओरडल्या, "पळ!" ट्विलाला एकदम आठवलं की इथे तसा नियम नाही. ती पळत सुटली. मधली रेषा जवळ आली, आणि आमच्या बाकांवरून अर्लो ऑस्ट्रेम पोटाच्या देठापासून ओरडला, "रेषा!"

त्याच्यामागे आम्ही सगळे. मीसुद्धा. कुणी ठरवून ओरडलं नाही, तोंडातून निघालंच. आणि ट्विलाचे पाय रेषेच्या अलीकडे खिळले. मागून येणाऱ्या मुलीने तिच्या हातातून चेंडू असा काढून घेतला जसं पोराच्या हातून खेळणं काढावं, आणि जाऊन बास्केट केली. कॉलेजची पोरं इतकी हसली की काही तर बाकांवरून खाली आली. आमच्या बाजूला कुणी कुणाकडे बघेना.

त्याहून वाईट पुढे होतं. समोरच्यांच्या लक्षात आलं की ट्विलाला अडवता येत नाही. येणार कुठून? जन्मात कधी अडवलंच नव्हतं. तिच्यासमोर जी मुलगी येईल तिच्याकडे त्या पोरी चेंडू देऊ लागल्या, आणि ती मुलगी ट्विलाला वळसा घालून जाऊ लागली, जसं माणूस विजेच्या खांबाला वळसा घालून जातं. कोचनी तिला बाहेर काढलं. ती बाकावर बसली ते वर्षभर जवळजवळ बाकावरच राहिली. परतीच्या बसमध्ये अर्लो म्हणाला की कोचला खेळाडूची पारख नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाचता येईना अंगण वाकडं, पण हे त्या बसमध्ये बोलले असते तर मला बर्फातून चालत घरी यावं लागलं असतं.

वसंतात ट्विला घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या गोठ्यावर आली. ही गावातली मुलगी, पांढरे बूट घालून फाटकाबाहेर उभी. मी डुकरांना खाणं घालत होते.

"मर्ना, मला अडवायला शिकव," ती म्हणाली.

मी विचारलं, आज कशी काय आठवण झाली. तिने सांगितलं. कोचनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की हिवाळ्याआधी पहिल्या सरावाला त्या तिच्यासमोर एक मुलगी उभी करतील. त्या मुलीला अडवता आलं तर शिष्यवृत्ती राहील. नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. म्हणजे खेळ गेला, कॉलेज गेलं, जीवशास्त्र गेलं. अर्लोला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. अर्लो काट्यावर सगळ्यांना सांगत होता की कोच तिला पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतायत.

"तुझ्या बाबांना सांग की," मी म्हटलं.

"ते कोचशी भांडायला जातील. आणि मला अजून अडवता येणार नाहीच."

तिचं बरोबर होतं. मी बादली खाली ठेवली आणि तिला सांगितलं की उद्या ते बूट घालून येऊ नकोस.

आता मी गार्डचं काम कुठे शिकले ते सांगते. शाळेत नाही. आमच्या कोचला गार्ड कशाशी खातात हे माहीत नव्हतं, तो सगळा वेळ फॉरवर्डना द्यायचा. मी शिकले डुकरं वेगळी काढताना. विकायला काढलेली डुकरं कळपातून फाटकाकडे न्यायची असतात आणि बाकीची मागे ठेवायची असतात. फाटकात माणूस उभं राहतं. दीडशे किलोचं जनावर अंगावर येतं, ते डावीकडून जाणार की उजवीकडून हे तुम्हाला त्याच्याआधी कळावं लागतं. नवखा माणूस त्याच्या तोंडाकडे बघतो आणि चिखलात आडवा होतो. डुकराचं तोंड थापा मारतं. खांद्याकडे बघायचं. खांदा जिकडे वळला तिकडे डुक्कर जाणार, त्याचा इलाज नाही. गुडघे वाकवून खाली बसायचं, पाय ओलांडायचे नाहीत, घासत सरकायचं, आणि हात लावायचा नाही. डुकराला ढकलायला गेलात की तुमचा तोल गेला.

वडील म्हणाले, ऑस्ट्रेमची पोर गोठ्यात काय करतेय? मी म्हटलं, फुकट मजूर आहे, गप्प बसा. ते गप्प बसले.

सकाळी आम्ही दोघी मजुरीने बियाण्याच्या मक्याचे तुरे काढायला जायचो, गावातली सगळीच पोरं त्या दिवसांत जातात. पानांनी हात कापले जायचे, अंगाला खाज सुटायची. दुपारी गोठ्यात. पहिले काही दिवस ट्विला इतक्या वेळा चिखलात पडली की डुकरंसुद्धा थांबून बघायची. डुकरं अडवायला हातात धरतात ती फळी मी तिला दिली नाही, तिला नुसती उभी केली. मी फाटकावर बसून ओरडायचे. खरं सांगते, मी फार कडक वागले. तिचे गुडघे सरळ झाले की मी म्हणायचे, "वा, राणीसाहेब उभ्या राहिल्या. फोटो काढायचाय का?" पाय ओलांडला की म्हणायचे, "तसंच चाल, लग्नात बरं दिसेल."

एक दिवस ती उठलीच नाही. चिखलात बसून राहिली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"तुला मजा येतेय," ती म्हणाली.

"हो, येतेय," मी म्हटलं. "चार वर्षं मी तिकडे मार खायचे आणि तू इकडे कमरेवर हात ठेवून उभी असायचीस. एकदा तरी वळून बघितलंस का आम्ही काय करतो ते?"

मला वाटलं आता उठून घरी जाईल, आणि ती गेली असती तर मला बरं वाटलं असतं की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही. तिने बाहीने तोंड पुसलं, त्याने चेहऱ्यावरचा चिखल अजूनच पसरला, आणि म्हणाली, "नाही बघितलं. आता बघते. तू ये ना आत, तू करून दाखव."

मी आत गेले. त्या दिवसापासून मी फाटकावर बसले नाही.

उन्हाळा संपेपर्यंत ती डुकरांना पुरून उरायला लागली. मग आम्ही आमच्या गवताच्या कोठीच्या माळ्यावर गेलो, तिथे भिंतीला बास्केटची जुनी रिंग ठोकलेली होती. मी चेंडू घेऊन यायचे, ती अडवायची. आधी मी दहातल्या दहा वेळा तिला पार करून जायचे. मग कमी. आणि एके दिवशी मला जाताच येईना. मी चिडले, सगळ्या लबाड्या केल्या, मान इकडे, डोळे तिकडे. पण डुकराच्या खांद्यासारखी माणसाची कंबर थापा मारत नाही, आणि ट्विला माझ्या कमरेकडे बघत सरकत राहिली. मी चेंडू खाली आपटला आणि म्हटलं, जा आता, तुझ्या कोचला बोलाव.

कोचनी तिच्यासमोर मुलगी उभी केली, ती मुलगी काही गेली नाही, आणि ट्विलाची शिष्यवृत्ती राहिली. हे मला तिने फोनवर सांगितलं. अर्लोला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला आनंद व्हायचाही प्रश्न नव्हता.

पुढची दोन वर्षं सांगण्यासारखी आहेत आणि नाहीतही. ट्विला एकदम मोठी खेळाडू झाली नाही. गोष्टींमध्ये तसं होतं. ती बाकावर बसायची, आणि समोरच्या टीममधली एखादी डोईजड झाली की कोच तिला आत पाठवायच्या. पाच मिनिटं, सात मिनिटं. त्या वेळात ती त्या मुलीला नकोसं करून सोडायची आणि परत येऊन बसायची. पायांत एवढा जोर घालवल्यावर चेंडू टाकायला हात कुठून हलके राहणार? तिचा तो खांद्यावरून सोडलेला चेंडू रिंगवर आपटायला लागला. मग तिने टाकणंच कमी केलं.

पेपरात नावापुढे पॉइंट छापतात. ट्विला ऑस्ट्रेम, दोन. ट्विला ऑस्ट्रेम, शून्य. पिवळी बस आधी अर्धी रिकामी जायला लागली, मग बंद झाली. अर्लो आपल्या गाडीतून एकटा जायचा, पुढे तोही रस्त्यांचं कारण सांगायला लागला. काट्यावर तो फक्त वजन सांगायचा. मला एकदा म्हणाला, "मर्ना, माझ्या पोरीच्या हातात सोनं होतं. त्या बाईने माती केली." मी सांगायचा प्रयत्न केला की ती आता वेगळं काम करते. तो म्हणाला, "कुठलं काम? ती तर चेंडूला हातच लावत नाही." पालथ्या घड्यावर पाणी. मी सोडून दिलं.

शेवटच्या वर्षी मात्र सीडर बेंडची टीम चांगली निघाली. फेब्रुवारीच्या शेवटच्या घरच्या सामन्यापर्यंत अशी वेळ आली की तो सामना जिंकला तर पुढच्या स्पर्धेत जागा, हरला तर हंगाम तिथेच संपला. आणि हंगाम संपला की ट्विलाचा खेळही संपला. शेवटच्या वर्षाच्या मुलीला कॉलेजात पुढे जागा नसते, आणि तिच्यासारखीला बाहेरची कुठलीही टीम घेणार नव्हती. ती मला फोनवर म्हणाली, "मला अजून नाही थांबायचं, मर्ना. आत्ता कुठे जमायला लागलंय."

शेवटच्या वर्षाच्या मुलींचा त्या दिवशी मान असतो. सामन्याआधी आईबाप त्यांना हाताला धरून मैदानाच्या मध्यावर आणतात, फुलं देतात, टाळ्या होतात. त्यामुळे हॅल्व्हरने पुन्हा एकदा पिवळी बस काढली. पुन्हा हॅमचे सँडविच आले. आणि सगळ्यांना खात्री की आज तरी कोच पोरीला टाकू देईल. तशी रीतच आहे. मान असलेल्या मुलीला बाकीच्या जणी आपणहून चेंडू देतात, तिच्या माणसांसमोर तिच्या नावावर एकदोन बास्केट व्हाव्यात म्हणून. अर्लोने चर्चचा कोट घातला होता आणि वर बर्फातले रबरी बूट. ट्विलाचा हात धरून तो मध्यावर गेला.

समोरच्या टीममध्ये डेनीस क्वाम नावाची मुलगी होती. त्या वर्षी तिला कुणी रोखू शकलं नव्हतं. कोचनी ट्विलाला पहिल्या मिनिटापासून तिच्यावर ठेवलं आणि बाहेर काढलंच नाही. पहिल्यांदाच ती अख्खा सामना खेळत होती.

मी बाकी काही बघितलं नाही, फक्त त्या दोघींना बघितलं. डेनीस जिथे जाईल तिथे ट्विला तिच्याआधी पोचलेली. डेनीस डोळ्यांनी फसवायची, मानेने फसवायची, ट्विला तिच्या कमरेकडे बघत घासत सरकायची. डेनीसने वैतागून एकदा तिला कोपराने पाडलं, ती उठली आणि पुन्हा समोर. माझ्या शेजारी हार्डवेअर दुकानवाला बसला होता, तो जांभई देत म्हणाला, "ट्विला दिसतच नाही आज." मी त्याच्या हातातला सँडविच काढून घेतला आणि खाल्ला. दुसरं काही करणं बरं दिसलं नसतं.

मग ती वेळ आली. रीतीप्रमाणे तिच्या टीममधल्या मुलीने तिला चेंडू दिला. बास्केटपाशी ट्विला एकटी, पाठ रिंगकडे, तीच जुनी जागा. अख्खं हॅल्व्हर उठून उभं राहिलं. अर्लोने हात वर केले. ट्विलाने एक क्षण चेंडू धरला आणि पलीकडच्या मुलीला देऊन टाकला, कारण डेनीस तोवर उलट दिशेला पळत सुटली होती, आणि आपण टाकायला थांबलो आणि नेम चुकून चेंडू त्यांच्या हाती गेला तर तिला गाठता येणार नाही हे ट्विलाला दिसलं होतं. ती वळली आणि जीव खाऊन मागे पळाली. मधली रेषा तिने ओलांडली तेव्हा बघितलंसुद्धा नाही. आमची सगळी माणसं हळूहळू खाली बसली.

शेवटी सीडर बेंड एका पॉइंटने पुढे, चेंडू डेनीसकडे, काही सेकंद उरलेले. कुणीही सांगितलं असतं की तीच टाकणार. तिने उजवीकडे झेप दाखवली आणि डावीकडे गेली. ट्विला चुकली असं मला वाटलं. पण ती सरकून पुन्हा समोर आली, हात वर, अंगाला स्पर्श नाही. डेनीसला तिच्या हातांवरून चेंडू फेकावा लागला, तो रिंगला शिवला नाही, आणि भोंगा वाजला. कॉलेजची पोरं मैदानात घुसली. सीडर बेंड पुढच्या स्पर्धेत गेलं होतं.

आमच्या बाकांवर मी एकटी ओरडत होते. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, माणसं सभ्य आहेत, पण त्यांना ट्विलाचं वाईट वाटत होतं. ते रांगेने खाली उतरले आणि एकेक जण तिचं सांत्वन करू लागला. असू दे गं. एखादा दिवस असतो असा. तू आमची राणीच आहेस. हार्डवेअरवाला म्हणाला की त्या पोरींनी तिला अजून चेंडू द्यायला हवा होता. आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवशी ती बिचारी घामाने निथळत उभी राहून प्रत्येकाला थँक्यू म्हणत होती. अर्लो तिच्या शेजारी तिची फुलं धरून उभा होता. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "नशीब नव्हतं आज, पोरी."

मी सगळ्यात शेवटी पोचले. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोलणार याची वाट बघत होती.

"शेवटी डावा पाय उशिरा टाकलास," मी म्हटलं.

"माहितेय गं. वाटलं गेली ती."

"गेली नाही."

"नाही गेली," ती म्हणाली, आणि माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली. मीही रडले. लाज कसली?

अर्लो फुलं धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. "कुणाचा पाय?" त्याने विचारलं. "कोण गेली नाही?"

मी डोळे पुसले. इतकी वर्षं या माणसाला तोंडाने सांगून झालं होतं. कोपऱ्यात चेंडू पडला होता, तो मी उचलून आणला, त्याच्या हातातली फुलं काढून घेतली आणि चेंडू दिला.

"मिस्टर ऑस्ट्रेम, तिथे बास्केट आहे. जाऊन टाका."

"मी? या बुटांनी?"

"तुम्ही. फक्त हिला पार करून जा."

तो हसला. ट्विला म्हणाली, "मर्ना, पुरे." पण तिचे गुडघे आपोआप वाकले होते. बाहेर बसवाल्याने भोंगा वाजवला. अर्लोने उगाच गंमत म्हणून चेंडू एकदा आपटला आणि उजवीकडे निघाला. ती समोर. तो डावीकडे वळला. ती समोर. तो थांबला, चर्चचा कोट काढून माझ्याकडे दिला, बाह्या वर केल्या, आणि या खेपेला खरोखर गेला, खांदा पुढे घालून, म्हातारपणी जेवढं पळता येतं तेवढं पळत. ती घासत सरकत त्याच्यापुढे राहिली, हात वर, त्याला न शिवता. शेवटी तो भिंतीपाशी पोचला तेव्हा बास्केट कुठल्या कुठे राहिली होती.

तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा राहिला. वर बघितलं ते ट्विलाच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या पायांकडे. बराच वेळ बघत होता. बसचा भोंगा पुन्हा वाजला, आमचे लोक दारातून हाका मारत होते.

"चला, बाबा," ट्विला म्हणाली. "बस सुटेल."

"सुटू दे," अर्लो म्हणाला, आणि चेंडू घेऊन पुन्हा सुरुवातीच्या जागी जाऊन उभा राहिला. "अजून एकदा."